घरातला पाटा, गयेजवळचा दगड आणि मंगळ

काळाकातळ · रविवार, दुपारी ३:१०

गेल्या रविवारी आमच्या नववीची अकरा मुलं घेऊन अंधेरीला गिलबर्ट हिलवर गेले होते. पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळापाशी टेकलो, डबे उघडले. खालून वर सरळसोट गेलेले ते काळे खांब मुलांनी पहिल्यांदाच जवळून पाहिले. लाव्हा थंड होताना आकसला, भेगा पडत गेल्या आणि त्याचे खांब झाले, एवढं सांगून झालं. मग बोलता बोलता मी म्हटलं की मंगळावरही मुख्यतः हाच दगड आहे, बेसाल्ट. त्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, मंगळावरचा दगड अजून कुणी आणलाच नाहीये ना? मग कळलं कसं?"

ऊन तापायला लागलं होतं, म्हणून तिथे पाच मिनिटांत उत्तर आटपलं. पण प्रश्न नेमका होता. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

कुणी आणला नाही हे खरं, पण आपणहून आलेले आहेत. १८१५ साली फ्रान्समध्ये शासिन्यी गावापाशी एक पडला. दुसरा आपल्या बिहारात, गयेजवळ शेरघाटीला, २५ ऑगस्ट १८६५ रोजी. इंग्रजी कागदांत त्या गावाचं 'शेरगोटी' झालं, आणि आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत मंगळाच्या सर्वात मोठ्या गटातल्या दगडांना 'शेरगोटाइट' म्हणतात. तिसरा १९११ साली इजिप्तमध्ये नख्ला इथे. शेरगोटीचा मोठा तुकडा कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात या गावाला एक ओळ मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हे तिन्ही मंगळाचे आहेत हे कित्येक दशकं कुणालाच ठाऊक नव्हतं. संशय आला तो वयामुळे. लघुग्रहांवरून येऊन पडणारे बाकीचे दगड बहुतेक ४५० कोटी वर्षांचे, म्हणजे सूर्यमालेइतके जुने. नख्ला निघाला १३० कोटींचा. लघुग्रह आकाराने लहान, ते केव्हाच आतून गार झालेले. १३० कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतायचा तर पोटात धग शिल्लक असलेला मोठा गोळा हवा. मंगळाचं नाव तेव्हापासून कुजबुजलं जात होतं.

पुरावा मिळाला तो यानामुळे. १९७६ साली व्हायकिंगची दोन यानं मंगळावर उतरली आणि त्यांनी तिथली हवा मोजली. पुढे अंटार्क्टिकाच्या बर्फावर एक शेरगोटाइट सापडला, त्याच्यात काळ्या काचेचे लहान लहान कप्पे होते. १९८३ साली डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती काच तापवून आत कोंडलेला वायू बाहेर काढला. आर्गॉन वायूचे हलके-जड प्रकार असतात. पृथ्वीच्या हवेत जड आर्गॉन-४० हा हलक्या आर्गॉन-३६च्या सुमारे ३०० पट असतो. व्हायकिंगने मंगळावर तो सुमारे ३००० पट मोजला होता. काचेतला वायू मंगळाच्या बाजूने बोलला. झेनॉन, क्रिप्टॉन आणि नायट्रोजन यांचीही साक्ष तीच. ज्या आघाताने तो दगड मंगळावरून उडाला, त्याच आघातात दगडाचा थोडा भाग वितळला, तिथली हवा आत शिरली आणि काच झाल्यावर तिथेच अडकून राहिली. ती हवा तशीच आपल्यापर्यंत आली.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: दगड आणि यान, दोघांपैकी एकाचं दुसऱ्यावाचून चाललं नसतं. दगड हातात असेल तर त्याचं वय निघतं, रसायन निघतं, पण तो मंगळावर कुठल्या गावचा ते कळत नाही. यानाला गाव पक्कं ठाऊक असतं, पण तिथल्या दगडाचं वय काढायचं म्हटलं की ते चाचपडतं. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी या रोव्हरने गेल नावाच्या विवरात एका दगडाचं वय जागेवरच काढलं. आकडा आला ४२१ कोटी वर्षं, पण ३५ कोटी इकडे किंवा तिकडे. पहिल्याच खटपटीत एवढं जमलं हे थोरच आहे. तरी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत याच कामात चूक त्याच्या कितीतरी पट कमी होते.

घरी जुना पाटा असेल तर आज त्याच्याकडे जरा नीट बघा, तोही बहुधा बेसाल्टच. शेरगोटी त्याचा लांबचा भाऊ लागतो. खनिजं तीच: तेच पायरॉक्सीन, तेच फेल्डस्पार. फरक मुख्यतः लोखंडाचा. आपल्या दख्खनच्या दगडात लोहाचं ऑक्साइड साधारण १२ ते १४ टक्के, शेरगोटीत १९च्या आसपास.

या विषयातलं कुणाला काही ठाऊक असेल तर जरूर लिहा. मुलांना वाचून दाखवणार आहे.

---

वरणभात · रविवार, ४:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. ती काच अंटार्क्टिकात पडून होती. तिच्यात आपली हवा शिरली नसेल कशावरून?

काळाकातळ · ४:२५

थोडी शिरतेच. म्हणून दगड टप्प्याटप्प्याने तापवतात. वरवर चिकटलेली आपली हवा कमी तापमानाला सुटते, काचेत कोंडलेली शेवटी, काच वितळायला लागली की. दोन्हीची मोजणी वेगवेगळी ठेवता येते. पुढे २०१३ साली क्युरिऑसिटीने मंगळावर आर्गॉन-३६ आणि आर्गॉन-३८ यांचं प्रमाण फार बारकाईने मोजलं. ते ४.२ आलं. आपल्याकडे ५.३ असतं. दगडांतला आर्गॉन ४च्याच बाजूला पडतो. त्यानंतर वाद घालायला जागा उरली नाही.

---

लोणारकर_ठाणे · रविवार, रात्री ९:४०

ताई, शेरगोटीचं नाव निघालं आणि राहवलं नाही. माझं मूळ गाव मेहकरजवळ. लहानपणी एसटीने लोणारला जायचो. सरोवराच्या काठाने फिरताना पायाखाली जो दगड असतो, त्याचा आणि शेरगोटीचा थेट संबंध आहे.

१८७२ साली व्हिएन्नात गुस्टाव चेर्माक यांनी शेरगोटीचा दगड तपासताना एक नवाच पदार्थ पाहिला. त्याला नाव दिलं मास्केलिनाइट. फेल्डस्पारचा स्फटिक जोरदार आघाताने वितळल्याशिवायच काच होतो, तो हा. मी कॉलेजात असताना सूक्ष्मदर्शकाखाली लोणारच्या दगडाचा पातळ काप पाहिलाय. ध्रुवित प्रकाशात साधा फेल्डस्पार फिरवला की उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. मास्केलिनाइटची कडा अगदी स्फटिकासारखी रेखीव, लांबट पट्टीची. पण कसाही फिरवा, तो काळाच राहतो. बाहेरून स्फटिक आणि आतून काच. सरांनी दोनदा फिरवून दाखवलं तरी मी पुन्हा मागून घेतलं होतं.

असं व्हायला सुमारे तीन लाख वातावरणांइतका दाब लागतो. ज्वालामुखीत एवढा दाब कधीच येत नाही. लोणार हे ज्वालामुखीचं तोंड नसून आघाताचं विवर आहे, हे १९७०च्या दशकात तिथे खोदून काढलेल्या दगडांतल्या याच खुणांवरून पक्कं झालं. १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर थेट बेसाल्टात आहे, आणि अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी. मंगळावरची बहुतेक विवरं बेसाल्टातच असल्याने तिकडच्या अभ्यासाला लोणार हा हाताशी असलेला नमुना. बाहेर फेकला गेलेला दगड कसा पसरतो, पाणी लागल्यावर त्याची कसली माती होते, हे इथे चालत जाऊन बघता येतं.

काळाकातळ · ९:५८

किती सुंदर लिहिलंत! पुढच्या वर्षीची सहल लोणारलाच न्यायची म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागते.

---

निवृत्त_रसायन · सोमवार, सकाळी ७:१५

लेख आवडला. दोन गोष्टी.

पहिली शब्दाची. आकाशात चमकून जाते ती उल्का. जमिनीवर हाताला लागतो तो अशनी. बाईंनी दोन्ही शब्द टाळून 'दगड' म्हटलंय, तेही चालेल. पण मुलांना अशनी शब्द जरूर द्या.

दुसरी ऑक्सिजनची. वायूचा पुरावा एका काचेपुरता होता. बाकीचे दगड त्याच घरचे, हे कशावरून? ऑक्सिजनचे तीन समस्थानिक असतात: १६, १७ आणि १८. पृथ्वीवरचा कुठलाही दगड घ्या, पाणी घ्या, त्यांतलं १७ आणि १८चं नातं एका सरळ रेषेवर बसतं. मंगळाच्या दगडांची रेषा आपल्या रेषेला समांतर, पण दर हजारी ०.३ इतकी वर. प्रत्येक ग्रह ज्या धुळीतून जमला तिचा हा ठसा आहे, तो पुसला जात नाही. शासिन्यी, शेरगोटी, नख्ला तिन्ही त्याच रेषेवर येतात. मोजायला दगड फार लागत नाही, एक-दोन मिलिग्रॅम पुरतो. मी आयुष्यभर औषधांच्या शुद्धतेची मोजमापं केली. तरी इतक्या लहानशा फरकावर एवढा मोठा निष्कर्ष ठामपणे उभा राहिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

---

घाटकोपर_स्लो · सोमवार, दुपारी १:३०

मी एका ऑनलाइन दुकानातून "मंगळाचा अस्सल दगड" घेतलाय, ३,८०० रुपयांना. काळा आहे, अंड्याएवढा. बारीक भोकं आहेत आणि काहींत पांढरं भरलेलं आहे. लोहचुंबक दोरीला बांधून जवळ नेला तर ओढला जातो. हीच खूण आहे असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. खरा आहे का? मुलाच्या वाढदिवसासाठी घेतला होता.

काळाकातळ · २:१०

दादा, वाईट वाटतं सांगायला, पण तुमच्या वर्णनावरून तो मंगळाचा नाही.

चुंबक ओढला जातो ही खूण साध्या अशनींची, कारण त्यांत शुद्ध लोखंडाचे कण असतात. मंगळाच्या दगडात ते जवळजवळ नसतातच, तिथलं लोह खनिजांत बांधलेलं असतं. आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे दोरीचा चुंबक त्याच्याकडेही झुकतो. रुळांमधल्या खडीचा तुकडा घेऊन बघा. (रुळांत उतरू नका, रस्त्याच्या कामावरची खडीही तीच असते.)

भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. पांढरं भरलंय ते बहुधा झिओलाइट: जमिनीतलं पाणी मुरून त्या पोकळ्यांत नंतर जमलेलं खनिज. पुण्या-नाशिकच्या खाणींतून त्याचे सुंदर गुच्छ निघतात. आकाशातून आलेल्या दगडाला वरून एक काळी साय असते, एक मिलिमीटरहूनही पातळ. हवेत शिरताना बाहेरची बाजू वितळून झालेली. तुटलेल्या कडेला बघितलं तर आत फिकट दगड आणि बाहेर ती रेघ स्पष्ट दिसते. तुमच्या दगडाची कड आतबाहेर सारखीच काळी असणार.

खऱ्या अशनीचं नाव मीटिओरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या संस्थेच्या यादीत असतं. नाव नसेल तर घेऊ नका. मुलाला मात्र तो दगड नक्की द्या आणि खरं काय ते सांगून द्या. बुडबुडे आणि झिओलाइट असलेला दख्खनचा तुकडा ६-६.६ कोटी वर्षांचा असतो.

घाटकोपर_स्लो · ३:०५

कड पाहिली. आतबाहेर सारखीच काळी. पैसे परत मागायला लिहिलंय. दगड ठेवून घेतला.

---

दूरदर्शी · सोमवार, रात्री ११:२०

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहतेय. मंगळाचे आजवर सुमारे चारशे अशनी नोंदले गेलेत. त्यांतले बहुतेक शेरगोटाइट, आणि शेरगोटाइट बहुतेक ६० कोटी वर्षांहून तरुण. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग मात्र ३०० कोटींहून जुना. म्हणजे जो माल आपल्याकडे येतो तो मंगळाचा खरा चेहरा दाखवतच नाही. नासाच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला थरांचे गाळाचे दगड दिसले, त्यांत जॅरोसाइट हे खनिज होतं, जे आम्लाच्या पाण्याशिवाय होत नाही. क्युरिऑसिटी तर जुन्या तळ्याच्या गाळावरच फिरतेय. अशनींच्या ढिगात असा थरांचा गाळाचा एक तरी दगड आहे का? नाही. फक्त अशनींवर भरवसा ठेवला असता तर मंगळ म्हणजे लाव्हाचा कोरडा गोळा, असंच आपण म्हणत बसलो असतो.

काळाकातळ · मंगळवार, सकाळी ६:४५

बरोबर. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

मंगळावरून सुटायला सेकंदाला ५ किलोमीटर वेग लागतो. एवढा दणका सोसून अखंड राहणारा दगड म्हणजे ताजा, घट्ट, भेगा नसलेला लाव्हा. मऊ गाळाचा दगड तिथेच भुगा होतो. जुना कातळ आधीच्या आघातांनी पिचलेला असतो. म्हणजे तो दणकाच दगड निवडून पाठवतो. पाटा टिकतो, वाळूचा किल्ला टिकत नाही. चारशे दगड ऐकायला खूप वाटतात, पण ते मंगळावरच्या मोजक्याच आघातांतून आलेत. नख्लाच्या गटातले सगळे आणि शासिन्यी सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी एकाच वेळी निघाले, हे वाटेत त्यांना लागलेल्या वैश्विक किरणांच्या खुणांवरून मोजलंय.

पण एका गोष्टीत दुसरी बाजू मांडते. कक्षेतल्या यानाला दिसते ती वरची कातडी, आणि मंगळावर सगळीकडे धूळ. ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, चिकणमाती हे सगळं परत येणाऱ्या अवरक्त प्रकाशात कुठली तरंगलांबी गिळली गेली यावरून ओळखायचं. वर धुळीची चादर असेल तर खालचा दगड गप्प. मंगळाच्या मोठ्या तरुण ज्वालामुखींचा प्रदेश नेमका सगळ्यात धुळकट. म्हणून शेरगोटाइट जिथून आले असतील तिथे यान पोचूनही त्याला त्यांचा चेहरा नीट दिसत नाही.

आणि यानं जी वयं सांगतात ती विवरं मोजून. जितकी विवरं जास्त, तितका भाग जुना. पण किती विवरं म्हणजे किती कोटी वर्षं, हा हिशेब बसवला तो अपोलोच्या वीरांनी चंद्रावरून आणलेल्या दगडांवर, आणि तोच पुढे मंगळाला लावला. शेवटी तिथेही हातात दगड होता म्हणूनच जमलं.

दूरदर्शी · सकाळी ८:३०

चंद्राच्या हिशेबाचं मान्य. दोघांची गाठ पडली ती ठिकाणं मला सगळ्यात आवडतात. २००४ साली ऑपॉर्च्युनिटीला मंगळावरच्या मेरिडियानी नावाच्या सपाटीवर एकटा पडलेला एक दगड दिसला. उतरताना यानाच्या हवेच्या पिशव्या त्याच्यावर आपटल्या होत्या म्हणून त्याचं नाव बाउन्स रॉक. तपासला तर आजूबाजूच्या कशाशीच जुळेना. जुळला तो अंटार्क्टिकातल्या त्या काचवाल्या शेरगोटाइटच्या एका भागाशी. कुठल्या तरी लांबच्या विवरातून तिथे उडून पडलेला असणार.

आणि मोरोक्कोतून २०११ साली हाती आलेला तो काळा, तुळतुळीत, ३२० ग्रॅमचा दगड, ब्लॅक ब्युटी. तो गाळाचा नव्हे, पण घट्ट लाव्हाही नव्हे. अनेक तुकडे आघातांनी एकत्र दाबले जाऊन झालेला. त्याचं रसायन रोव्हर आणि कक्षेतल्या यानांनी मोजलेल्या मंगळाच्या कवचाशी जुळतं. आत झिरकॉनचे दाणे, ४४० कोटी वर्षांचे. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या गटाने संगणकाकडून मंगळावरची सुमारे ९ कोटी लहान विवरं मोजून घेतली आणि या दगडाचं गाव म्हणून दक्षिण गोलार्धातल्या एका विवराकडे बोट दाखवलं. त्याचं नाव कराथा. अजून तो अंदाजच आहे, पण पत्ता शोधायची ही रीत मला फार पटते.

---

दहिसरची_मी · मंगळवार, रात्री १०:०५

मूकवाचक होते. एक विचारायचंय. मंगळाच्या दगडात पाण्याच्या खुणा सापडल्या असं वाचते. नख्ला तर इजिप्तमध्ये पडला, अंटार्क्टिकातले बर्फात लोळत होते. ते पाणी आपल्याकडचंच नसेल का?

निवृत्त_रसायन · रात्री १०:५०

फार चांगला प्रश्न. नख्लाच्या ऑलिव्हिनमध्ये तांबूस मातीच्या बारीक शिरा आहेत, पाण्याशिवाय होणार नाहीत अशा. बाईंनी वर ती पातळ काळी साय सांगितली ना? शिरा जिथे त्या सायीपाशी पोचतात, तिथे त्या भाजलेल्या, फुटलेल्या दिसतात. म्हणजे हवेत शिरून बाहेरची बाजू तापली तेव्हा शिरा आधीच तिथे होत्या. त्या मंगळावरच झाल्या.

दहिसरची_मी · ११:०२

वा काका! म्हणजे पोळी भाजायच्या आधीच भेग होती, हे डागावरून ओळखायचं तसं.

वरणभात · ११:१५

आणि १९९६मध्ये जीवाच्या खुणा म्हणून ज्याचा गाजावाजा झाला तो?

दूरदर्शी · ११:३१

तो ॲलन हिल्स ८४००१. वय सुमारे ४०९ कोटी वर्षं, जुन्या मंगळाचा जवळजवळ एकटा लाव्हा-साक्षीदार. त्यातल्या कार्बोनेटमधल्या किडीसारख्या आकृत्यांवरून दावा झाला होता. पुढे प्रत्येक खुणेला जीवाशिवायचंही स्पष्टीकरण मिळालं, आणि आज बहुतेक अभ्यासक तो दावा मानत नाहीत. जीवाचं सोडलं तरी तेव्हा तिथे कार्बोनेट सोडणारं पाणी होतं, हे मला पुरेसं मोठं वाटतं.

---

लोणारकर_ठाणे · बुधवार, रात्री ८:२०

मुलांना हे जरूर सांगा, ताई. नासाचं पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळाकडे ३० जुलै २०२० रोजी निघालं, तेव्हा त्याच्यासोबत मंगळाचाच एक तुकडा होता. १९९९ साली ओमानच्या वाळवंटात सापडलेल्या अशनीची चकती, उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासायला लावलेली. कधी काळी मंगळावरून उडालेला दगड ओमानच्या वाळूत पडून राहिला आणि फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरात परत पोचला. मी ते वाचलं तेव्हा बायकोला झोपेतून उठवून सांगितलं.

काळाकातळ · ८:४५

आज तासाला सगळा धागा वाचून दाखवला. ओमानच्या दगडाचं मात्र आत्ता कळलं, ते उद्या सांगते. जिने प्रश्न विचारला होता तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: पर्सिव्हिअरन्सने नळ्यांत भरून ठेवलेले दगड कधी आणणार? मी सांगितलं, दहा नळ्या जेझेरोत जमिनीवर ठेवलेल्या आहेत, बाकीच्या यानाच्या पोटात, आणि आणायचं कसं याचा निकाल लागलेला नाही. चीनची मोहीमही दशकाच्या शेवटाकडे दगड आणायला निघायच्या तयारीत आहे. त्या नळ्यांत गाळाचे दगडही आहेत. गाव माहीत असलेले मंगळाचे दगड पहिल्यांदा हातात येतील.

दहिसरची_मी · बुधवार, रात्री ९:३०

सासूबाईंचा पाटा माळ्यावर होता, तो आज खाली काढला. वर्षानुवर्षं टाकी लावून लावून मध्ये खोल झालाय. कडेचा एक टवका उडालेला होता, तिथे पाणी लावून मुलीच्या भिंगातून पाहिलं. काळ्यात बारीक पांढुरक्या सुया दिसल्या, आडव्यातिडव्या, उजेडात फिरवलं की चमकणाऱ्या. हेच का ते फेल्डस्पार?

काळाकातळ · ९:३४

हो, तेच. शेरगोटीत याच सुयांची काच झालीय.